बैलाच्या खांद्याला तूप, माणसाच्या खांद्याला काय?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावी, अकोला जिल्ह्यात, बैलांची खांदशेकणी व्हायची. दुसरीकडे तिला खांदेमळणी म्हणतात. बैल धुऊन आणायचे, वाटीत तूप आणि हळद कालवायची आणि वर्षभर जिथे जू टेकतं तो खांदा त्याने चोळायचा. चोळता चोळता बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. जू घासून जिथले केस गेलेत, कातडी राठ झालीय, तिथे त्यांचा अंगठा बरोबर जाऊन थांबायचा. तोंडाने ते काहीतरी पुटपुटत असायचे. काय, ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही.

मी नववीत असताना अशाच एका संध्याकाळी आई ओट्यावर बसून पुरणाची डाळ निवडत होती. ती वर न बघताच म्हणाली, "बैलायच्या खांद्याले तूप लावता तुमी. आमच्या खांद्याले कोन लावते?"

बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून बामची बाटली निघाली. ती त्यांनी चुलीजवळच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि बैठकीत निघून गेले. आई ही गोष्ट अजून सांगते. दरवेळी बाटली जरा मोठी होते.

बाबांना अर्धं येत होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे तोंडाने बोलणं, शिकायला मला चाळिशी उलटावी लागली. ज्यांचा घरच्यांवर जीव आहे पण जीभ रेटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवशिक्याने नवशिक्याला सांगावं, तसं. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा, खांदशेकणीला तूप शेपटीला लावत नाहीत. जू जिथे टेकतं तिथेच लावतात. पुढचं बरंचसं यातूनच निघतं.

आधी आठ दिवस नुसतं बघा

कौतुक करायचं ठरवलं की माणूस पहिल्याच दिवशी तोंड उघडतो आणि फसतो, कारण कशाचं करायचं हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून आठ दिवस गप्प राहा आणि बघा. रात्री झोपण्याआधी पाण्याच्या बाटल्या कोण भरतं? गॅसचा नंबर कोण लावतं? दळण कधी संपतं आणि गिरणीत कोण जातं? सिंकच्या जाळीत अडकलेला भात कोणाच्या बोटांनी निघतो? आत्याच्या वाढदिवसाची आठवण तुम्हाला कोण करून देतं? मोबाइलमध्ये किंवा जुन्या डायरीत टिपून ठेवलंत तरी चालेल. फक्त कोणाला दाखवू नका.

मराठीत दही 'लागतं'. आमच्या घरी सोळा वर्षं ते लागतच होतं. ते कोणीतरी लावतं, दूध कोमट झालंय का ते करंगळी बुडवून बघतं, डिसेंबरात पातेल्याला जुना टॉवेल गुंडाळून डब्यांच्या मागे ठेवतं, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. रात्री साडेदहाला मी पाणी प्यायला उठलो, म्हणून दिसलं. एरवी दिसलं नसतंच.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, एवढंच विचारायचं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांची ९७. आणि हे ९७ सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं. असे पुरुष शंभरात २६ निघाले. तुम्ही उरलेल्या ७४ मधले असाल, तर आठ दिवस बघणं तुम्हाला जरा जडच जाईल. जाऊ द्या.

फक्त बायकांकडेच बघू नका. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी वर्षानुवर्षं जिन्यातला दिवा संध्याकाळी लावला आणि सकाळी विझवला. ते मुलाकडे राहायला गेले, तेव्हा पहिल्या रात्री आम्ही सगळे अंधारात कुलपाचं भोक चाचपडत होतो.

मग एक वाक्य, नेमकं

"छान झालंय" हे शेपटीला लावलेलं तूप. वाईट नाही, पण बैलाला कळत नाही कशाबद्दल. वाक्यात दोन गोष्टी हव्यात, तुम्ही काय पाहिलंत आणि त्यामुळे तुमचं काय झालं.

"भाजी छान" म्हणण्यापेक्षा "कारलं असून मी दोनदा घेतलं, कडूपणा काढलास कसा?" असं म्हणा. "मदत केल्याबद्दल आभार" यापेक्षा "तू रात्री दवाखान्यात थांबलास म्हणून मला चार तास झोप मिळाली" हे बरं. "यू आर द बेस्ट बाबा" लिहून लाल बदाम टाकण्यापेक्षा "तुम्ही सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं होतं ना, काल रस्त्यात उपयोगी पडलं" एवढं लिहा. वडील ते तीन जणांना वाचून दाखवतील.

आता शब्दांची अडचण. 'आभारी आहे' घरात म्हटलं की गणेशोत्सवातलं आभारप्रदर्शन वाटतं, मागून खुर्च्या गोळा करायचा आवाज यायला लागतो. 'धन्यवाद' एटीएमच्या पडद्यावर बरा. 'थँक्यू' आता आपलंच झालंय, मित्रांत आणि ऑफिसात खुशाल वापरा, पण आईला थँक्यू म्हटलं की ती "मी काय परकी आहे का?" म्हणते आणि तिचं बरोबर असतं. मराठी घरात आभार वेगळ्या दारांनी येतात. "बरं झालं तू आलास" हा आभारच आहे. "तू होतीस म्हणून निभावलं" हाही. "तुझ्या हातचं" या दोन शब्दांत अख्खं मानपत्र मावतं. आणि सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे प्रश्न, "हे कसं केलंस?" तो विचारून पुढची पाच मिनिटं खरंच ऐकायचं असतं, ही त्यातली किंमत. जी बोली घरात बोलता तिच्यातच बोला. रोज वऱ्हाडी बोलणाऱ्याने कौतुकापुरती पुस्तकी मराठी काढली, तर समोरच्याला वाटतं की काहीतरी पाठ करून आलाय.

माझं पहिलं वाक्य असं होतं, "एवढ्या थंडीतही दही घट्ट लागतं. रात्री टॉवेल गुंडाळतेस ते पाहिलं मी."

बायको म्हणाली, "का? काय हवंय?"

नवशिक्यांनी या प्रश्नाची तयारी ठेवावी. तो येणारच. उत्तर एकच, "काही नाही." आणि मग त्या दिवशी खरोखर काही मागायचं नाही, चहासुद्धा नाही. याशिवाय "चल, काहीतरीच", "त्यात काय एवढं", "पुरे झालं आता" अशी उत्तरंही येतील. त्यांना नकार समजू नका, ती पोचपावती आहे. पुन्हा तेच बोलायचं नाही, पटवून द्यायला जायचं नाही. बोलून झालं की दुसऱ्या कामाला लागा. बोललेलं आत मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा.

तुम्हाला बोलताना कसंनुसं होईल, ते समोरच्याला होतंच असं नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये याच्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, आणि समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल, किती आनंद होईल, याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांनी अवघडलेपण जास्त धरलं होतं आणि आनंद कमी. माझा अनुभव यापेक्षा वेगळा नाही, फक्त आपल्याकडे आनंद झाल्याचं कोणी कबूल करत नाही.

कौतुकाचा फास

इथे जरा थांबायला हवं, कारण घरोघरी कौतुकाच्या नावाखाली एक लबाडी चालते. "पुरणपोळी करावी तर तूच." "आमच्या घरात तिच्याशिवाय पान हलत नाही." "तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला जमतच नाही." ऐकायला गोड. अर्थ मात्र असा की हे काम जन्मभर तुझंच. माझी एक मामी अशाच कौतुकावर तीस वर्षं एकटी दिवाळीचा फराळ करत होती. एका दिवाळीला तिने मनगटाला प्लास्टर असताना चकल्या पाडल्या, डाव्या हाताने. सगळे म्हणाले, "कमाल आहे हं मामीची!" सोऱ्या कोणी हातात घेतला नाही.

पोळ्याला निदान एक दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तेव्हा कौतुक केलंत की त्याच्या मागोमाग ओझं थोडं तरी उचला. विरजण आता मी लावतो. पहिल्या आठवड्यात दोनदा पाणी सुटलं आणि एकदा आंबट ढोण झालं, पण लावतो. आणि हे करताना "तुला मदत करतो" म्हणायचं नाही. ज्या घरात आपण खातो तिथे मदत कसली?

बाकीच्या चुका लहान आहेत. शेपूट जोडू नका, "भाजी छान, फक्त मीठ..." तो मिठाचा मुद्दा उद्या. तुलना नको, "वहिनीपेक्षा तुझी आमटी चांगली" यात दोन माणसं दुखावतात. आणि घरात सात दिवस अबोला धरून आठव्या दिवशी लग्नाच्या वाढदिवसाची लांबलचक पोस्ट टाकू नका. शेजारी लाइक करतात आणि हसतात.

माघारी बोला, पण ऐकू जाईल असं

आधीच्या पिढीने मुलांचं तोंडावर कौतुक केलं नाही. नजर लागते, पोर शेफारतं, अशी भीती. म्हणून रात्री मीठमोहरीने दृष्ट काढायची आणि दिवसा "अजून पाच मार्क कुठे गेले?" विचारायचं. बाबांनी मला जन्मात शाबासकी दिली नाही. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी त्या दिवशी पानटपरीवर अकरा जणांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला, हे मला चहावाल्याने दोन वर्षांनी सांगितलं.

तोंडावर बोललेलं ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी हीच वाट उलटी वापरा. आई स्वयंपाकघरात असताना बाहेरून मावशीला फोन लावा आणि थोडं मोठ्याने सांगा, "नाही गं, आईने एकटीने सगळं आवरलं, मला कळलंसुद्धा नाही." आतली भांडी वाजायची थांबतील. दुसऱ्याने केलेलं कौतुकही पोचवत चला. "काकू तुझ्याबद्दल असं म्हणत होत्या." आपल्याकडे चहाडी लगेच पोचते, कौतुक वाटेतच राहतं.

मुलांच्या बाबतीत मात्र आजी-आजोबांची रीत सोडा आणि तोंडावरच बोला, फक्त 'हुशार आहेस' एवढ्यावर थांबू नका. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते. हुशारीची तारीफ झालेली मुलं पुढे अवघड गणितासारखं काही आलं की लवकर हात टेकत होती. मेहनतीची तारीफ झालेली चिकाटीने बसत होती. तेव्हा "तिसऱ्यांदा खोडून पुन्हा काढलंस ना, ते पाहिलं मी."

शब्द न चालणाऱ्यांसाठी हात

काही माणसांपाशी शब्द चालतच नाहीत. त्यात वडील पहिले. त्यांच्यासाठी हाताने काहीतरी करावं लागतं. चश्म्याची काडी ढिली झालीय, ती बसवून आणा. वाकून पायाची नखं कापता येत नाहीत, ती दुपारी उन्हात बसून काढून द्या. बँकेत सोबत जा आणि रांगेत त्यांनाच बोलू द्या. याहून सोपा उपाय म्हणजे त्यांना काहीतरी विचारा. "पावसाचं काय वाटतं? तूर पेरावी का?" ज्याला आयुष्यभर सगळे विचारत होते आणि आता कोणी विचारत नाही, त्याला याच्याइतकं दुसरं काही गोड लागत नाही.

फोनवर "जेवलास का?" येतं, तेव्हा तुम्ही काय म्हणता? "हो." आणि फोन संपतो. मराठी माणसाला 'आठवण येते' हे म्हणता येत नाही, म्हणून तो जेवणाची चौकशी करतो. "पोचल्यावर फोन कर" हेही तेच. तेव्हा उत्तर नीट द्या. काय जेवलो, भाजी कसली होती, ती तुझ्यासारखी का नव्हती. दोन मिनिटं जास्त जातात. परदेशी असलेल्यांनी ताटाचा फोटो पाठवावा. बाहेरचं मागवलेलं असलं तर बोलणी बसतील, पण ती बोलणीही त्याच खात्यात जमा होतात.

रिकामी वाटी

शेजारून वाटीभर खीर आली की वाटी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. ही रीत आजीकडून आलेली आहे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून आपण ती वाटी घासून, पुसून, दाराला पिशवीत अडकवतो आणि वर मेसेज टाकतो. नका करू. बेल वाजवा, दोन लिंबं घाला, कढीपत्ता घाला आणि दारात उभं राहून खिरीबद्दल एक वाक्य बोला.

पगार घेणारी माणसं

घरी येणाऱ्या मावशी, वॉचमन, कचरा नेणाऱ्या ताई यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. इथे शब्द सगळ्यांत शेवटी. आधी पगार एक तारखेला. आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. दिवाळीला एका महिन्याचा पगार वर. चहा आपल्याच कपात. हे नसेल तर "तुम्ही आमच्या घरच्याच आहात" म्हणण्यात काही अर्थ नाही, घरच्यांचे खाडे कोण धरतं?

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असा आग्रह तिने धरलेला आहे, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या बाईचा हात त्यात जात नाही. फुटलेली काच वेगळी बांधा आणि वर लिहा. ती बाई तुम्हाला बहुधा कधी भेटणारही नाही. तिच्या हाताला खरचटलं नाही, एवढंच.

यानंतर नाव विचारा आणि नावाने हाक मारा. पोळ्याला आमच्याकडे बैलांना नवी वेसण, नवा कासरा यायचा, तसे सालदारालाही नवे कपडे यायचे. बैलाचं करणाऱ्याचंही कोणीतरी करायला हवं, एवढं गावाला कळत होतं.

लाजाळूंसाठी सणांचा आडोसा

रोज जमत नसेल तर सण आहेत. त्या दिवशी कोणी "का?" विचारत नाही. माझं एका चुलतभावाशी बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद होतं. एका १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन गेलो. वाक्य तयारच असतं, आपल्याला काही रचावं लागत नाही. त्याने तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, जरा वेळाने म्हणाला, "बस. चहा घेशील." बांध अजून तिथेच आहे, मोजणी झालेली नाही. बोलतो मात्र आम्ही.

दसऱ्याला आपट्याचं पान देताना 'सोन्यासारखे राहा'च्या पुढे स्वतःचं एक वाक्य जोडा. पाडव्याला ओवाळणीच्या पाकिटावर नुसतं नाव असतं, तिथे एक ओळ लिहा. आणि पाडव्याला बायकोनेच ओवाळायचं असं कोणी सांगितलं? आमच्या घरी हल्ली तबक दोन्ही बाजूंनी फिरतं. निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं तेच. पहिल्या वर्षी मी उलट्या बाजूने ओवाळलं. मुलगी अजून हसते.

आता गावी बैल नाहीत. ट्रॅक्टर भाड्याने येतो. पण पोळा होतो, बाजारातून मातीची जोडी आणतात. गेल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी होतो. बाबांनी हळद-तूप कालवलं आणि त्या वीतभर बैलांच्या खांद्याला बोटाने लावलं, तेच पुटपुटत. वाटीत बरंच उरलं होतं. आई ओट्यावर डाळ निवडत होती. मी वाटी उचलली, तिच्या मागे जाऊन बसलो आणि पदर जरा सरकवला.

"अरे, काय हे! पातळाले डाग पडतीन," ती म्हणाली, पण हलली नाही.

मी उजवा खांदा चोळायला लागलो. बाबा मातीचे बैल पाटावर मांडत होते, आमच्याकडे पाठ होती.

"डाव्या खांद्याले लाव," ते म्हणाले. "तोच दुखते तिचा."